कॅरेक्टर आर्टिस्ट व्हायचंय? मग आधी एका जुन्या नटाची अख्खी कारकीर्द बघून काढा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या पोरापोरींना हिरो-हिरोईन नाही तर कॅरेक्टर आर्टिस्ट व्हायचंय, म्हणजे बाप, मामा, हवालदार, वकील, सरपंच, शेजारची काकू असल्या रोलमध्ये आयुष्य काढायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तालमीला नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की मुंबईत कुणाला भेटायचं. माझं म्हणणं असं की मुंबई कुठं पळून जात नाही, जळगावहून रेल्वेनं सुमारे ४२० किलोमीटर आहे, रात्री बसलं की सकाळी दादर. त्याच्या आधी एक जुना नट निवडा, ज्यानं नाटक, टीव्ही, सिनेमा तिन्हीकडे चाळीस-पन्नास वर्षं काम केलंय, आणि त्याची कारकीर्द पहिल्यापासून आजपर्यंत बघून काढा. एकाचीच. दहा जणांचे दहा गाजलेले सीन बघून काही हाती लागत नाही, कारण गाजलेल्या सीनमध्ये फक्त निकाल दिसतो, तो नट तिथवर कसा आला ते दिसत नाही.

मी सगळ्यांना दिलीप प्रभावळकरांपासून सुरुवात करायला सांगतो. कारण सोपं आहे, या माणसाचे रोल एकमेकांशेजारी ठेवले तर एकाच माणसाचे वाटत नाहीत. जन्म १९४४चा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चेटकीण केली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव, सोबत बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. १९९१ला 'चौकट राजा'मधला नंदू, १९९३ला 'झपाटलेला'मधला तात्या विंचू. मधे 'हसवाफसवी' नाटकात एका प्रयोगात सहा भूमिका, आणि नाटक पण स्वतःच लिहिलेलं. मग झी मराठीवर, म्हणजे तेव्हाच्या अल्फा मराठीवर, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले टिपऱ्यांचे आबा. २००६ला 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये गांधीजी, आणि त्या वर्षी 'लगे रहो' आणि 'शेवरी' या दोन सिनेमांसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. आणि २०२५ला, वय ८१, 'दशावतार'मध्ये बाबुली मेस्त्री. चेटकिणीपासून बाबुलीपर्यंत ही रांग एकदा मोठ्यानं वाचून बघा भो, मग कळेल मी एकाच नटाला धरून बसा का म्हणतोय.

आता बघायचं कसं. पहिली गोष्ट म्हणजे तारखेच्या क्रमानं बघा, आवडीच्या क्रमानं नाही. जे मिळत नाही ते सोडा, जुन्या नाटकांचं चित्रण बऱ्याचदा नसतंच, पण जे मिळतं ते वर्ष लिहून एका वहीत उतरवा. मोबाईलमध्ये नाही, वहीतच, कारण दोन पानं समोरासमोर उघडून ठेवता आली पाहिजेत. प्रत्येक रोलला एक पान. त्या पानावर सिनेमाची गोष्ट लिहायची नाही, 'अप्रतिम', 'नॅचरल' असले शब्द तर अजिबात नको. चालताना वजन कुठं आहे, टाचेवर का चवड्यावर. हात रिकामे असले की कुठं जातात. आवाज नाकातून येतोय, घशातून का पोटातून. समोरचा बोलत असताना हा काय करतो. आणि या माणसाला त्या सीनमध्ये नेमकं काय पाहिजे आहे. एवढंच लिहायचं, पण हे लिहायला एक सीन तीन-चार वेळा बघावा लागतो, घाई करणाऱ्याचं हे काम नाही.

एक सीन एकदा आवाज बंद करून बघा. मग एकदा चित्र न बघता फक्त ऐका. तात्या विंचूवर हे करून बघितलं की डोकं उघडतं, कारण तिथं नट स्वतः पडद्यावर थोडाच वेळ आहे, पुढं सगळा रामदास पाध्यांचा बाहुला आहे आणि त्याला आवाज प्रभावळकरांचा. डोळे मिटून ऐका, माणूस असतानाचा आवाज आणि बाहुल्यातला आवाज यांच्यात दुष्टपणा तोच आहे, श्वासाला धार तीच आहे. शरीर काढून घेतलं तरी पात्र शिल्लक राहिलं. तुमच्या आवाजात असं काही राहतं का ते बघायचं असेल तर स्वतःचा एक उतारा रेकॉर्ड करा आणि दोन दिवसांनी ऐका, लगेच नको, लगेच ऐकलं तर आपल्याला आपलं सगळं बरोबरच वाटतं.

आता दोन पानं समोरासमोर ठेवायचं काम, माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला इथंच मिळतं. आबा टिपरे आणि गांधीजी ही दोन पानं घ्या. दोघं म्हातारे, दोघं हळू बोलणारे, दोघंही लोकांना आवडतात. मग फरक काय? आबा घरात गुंतलेले आहेत, सगळ्यांच्या भानगडीत त्यांना रस आहे, नातवाच्या खोडीत ते सामील होतात, नजर सतत कुणाच्या तरी मागं फिरते. गांधीजींना घाईच नाही, ते फक्त मुन्नालाच दिसतात, त्यांना कुणाकडून काही मिळवायचं नाही, म्हणून डोळे स्थिर आणि वाक्याचा शेवट एकदम सपाट, कुठंही जोर नाही. त्यात पुन्हा आबा करायला लागले तेव्हा प्रभावळकर स्वतः साठीच्या आतलेच होते, म्हणजे ते म्हातारपण वयातून आलेलं नाही, केलेलं आहे. आपल्याकडं एकांकिकेत म्हातारा करायचा म्हटलं की पोरं कंबर वाकवतात, हात थरथरवतात आणि खोकतात. आबांचे भाग बघा, खोकला शोधून बघा. म्हातारा माणूस वाकलेला नसतो, तो वाकू नये म्हणून धडपडत असतो, खुर्चीतून उठताना आधी हात कुठं टेकवायचा ते ठरवतो, हे ठरवणं दिसलं की वय दिसतं.

नंदूचं पान वेगळं ठेवा. मोठ्या शरीरात लहान मुलाचं मन असलेला माणूस, असला रोल म्हणजे ओव्हरअ‍ॅक्टिंगला उघडं मैदान, आणि शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तर दरवर्षी कुणीतरी असा रोल करून टाळ्या घेतंच. 'चौकट राजा'मध्ये बघायचं ते हे की तो नट प्रेक्षकांकडं दया मागत नाही. नंदूला जे आवडतं ते खरंच आवडतं आणि जी भीती वाटते ती खरंच वाटते, रडायचं काम आपल्यावर सोडलेलं आहे. आणि मग त्याच्या शेजारी 'एनकाऊंटर: द किलिंग'मधला पुनप्पा ठेवा, हिंदी सिनेमा आहे २००२चा, समोर नसीरुद्दीन शाह. हे दोन्ही एकाच माणसानं केलेत यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

त्यांचं 'एका खेळियाने' हे पुस्तक पण वाचा, आपल्या भूमिकांबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंय. पण आधी बघा, वहीत लिहा, मगच वाचा. आधी वाचलं तर तुम्हाला तेच दिसेल जे त्यांनी सांगितलंय.

प्रभावळकर झाले की दुसरा नट घ्यायचा तो एकदम वेगळ्या जातकुळीचा. निळू फुले. प्रभावळकर प्रत्येक रोलला स्वतःला पुसतात, निळूभाऊ स्वतःला पुसत नाहीत, तोच चेहरा, तोच आवाज, तीच मान, आणि तरीही माणूस वेगळा. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यानं नाव झालं, १९६८ला 'एक गाव बारा भानगडी'तून सिनेमात. सेवा दल म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना साने गुरुजी आठवतात, अमळनेरला शिक्षक होते ते, त्यामुळं कलापथक हा प्रकार आपल्या आजोबा-आज्यांच्या पिढीला अनोळखी नव्हता, घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा. तर निळूभाऊंचे दोन रोल समोरासमोर ठेवा, 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील आणि १९७९च्या 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस. हिंदुरावाकडं सत्ता आहे, म्हणून तो जागा व्यापतो, समोर मास्तर म्हणून डॉक्टर श्रीराम लागू उभे असले तरी खोली त्याचीच वाटते. दिगू सगळं बघतो आणि जागा सोडत जातो, कडेला उभा राहतो. दोन रोलमध्ये फार मेकअप बदललेला नाही, बदललंय ते एवढंच की हा माणूस खोलीत किती जागा घेतो. ज्यांचा चेहरा पटकन बदलत नाही, आवाज एकच आहे, त्यांनी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी निळूभाऊंची वाट आहे.

आणि ज्यांना वाटतं आपलं वय गेलं त्यांनी ए. के. हंगल बघा. शिंपीकाम करत, नाटक करत, सिनेमात आले तेव्हा पन्नाशीला टेकलेले. १९७५च्या 'शोले'मधले इमामसाहेब तेच.

हे सगळं बघून झालं की वही बंद करून बाहेर पडायचं. जुन्या नटाची नक्कल करायची नाही, त्यानं जे केलं ते करायचं, म्हणजे माणसं बघायची. आणि इथं खान्देशातल्या पोराला पुण्या-मुंबईच्या पोरापेक्षा जास्त माल मिळतो हे मी छातीठोकपणे सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार, तिथं दिवसभर नुसतं उभं राहा. घोडा घेणारा त्याच्या पायांकडं बघतो, विकणारा घेणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो, आणि मधला दलाल दोघांकडं न बघता बोलतो. रावेर-सावद्याकडं केळीचे घड वाहणारे मजूर बघा, खांद्यावर ओझं असताना मान किती कमी फिरते ते बघा. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर बायकांच्या तोंडाला फडकं असतं, सगळा संवाद डोळ्यांतून चालतो, क्लोज-अपचा याच्याइतका चांगला क्लास कुठंही मिळणार नाही. भुसावळ स्टेशनवर रात्रपाळी संपवून येणारा रेल्वेवाला कसा चालतो, आणि पाळीवर चाललेला कसा चालतो. जळगावच्या सराफ बाजारात सोनं तोलताना सराफ काटा बघतो आणि गिऱ्हाईक सराफ बघतं. श्रावणात घरोघरी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते तेव्हा रात्रभर गाणी म्हणणाऱ्या बायकांमध्ये जी म्हातारी पुढाकार घेते तिचा रुबाब बघा, ती कुणाला हुकूम करत नाही तरी सगळं तिच्या मनासारखं होतं.

एक माणूस निवडा आणि त्याच्याकडं पुन्हा पुन्हा जा. पण नक्कल त्याच्या तोंडावर करायची नाही आणि चारचौघांत हसण्यासाठी तर नाहीच, गरीब माणसाची चाल उचलून त्यावर हशा घेणं मला पटत नाही. त्याची एकच गोष्ट घ्या, नुसती चाल किंवा नुसती बोलायच्या आधी थांबायची सवय, आणि ती भलत्याच रोलला लावा. केळीवाल्या मजुराची मान एखाद्या कर्जबाजारी बापाला लावून बघा. पात्र तिथं तयार होतं.

बोलीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण यात आपलीच माणसं ढिसाळपणा करतात. टीव्हीवर खेडेगावचं पात्र आलं की एक सरसकट 'ग्रामीण' भाषा बोलायला लावतात, कुठलीच नसलेली. आणि खान्देशी म्हटलं की दोन अहिराणी शब्द टाकून मोकळे. पण धुळे, साक्री, चाळीसगाव पट्ट्यातली अहिराणी वेगळी, यावल-रावेर-भुसावळकडची लेवा गणबोली वेगळी, ज्यात बहिणाबाईंची कविता आहे, नंदुरबारकडं भिली, पावरी, वर गुजरातीचा शेजार. 'कथा चालना रे भो', म्हणजे कुठं चाललास रे भाऊ, हे वाक्य शिरपूरचा माणूस एका सुरात म्हणेल, चाळीसगावचा दुसऱ्या. म्हणून शब्द पाठ करू नका, सूर पाठ करा. घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना परवानगी विचारून रेकॉर्ड करा, त्यांना लग्नाची, दुष्काळाची, भांडणाची गोष्ट सांगायला लावा, कारण माणूस भांडण सांगताना खरा सूर लागतो. मग तेच रेकॉर्डिंग कानाला लावून सोबत सोबत बोला. आणि तेवढ्याच तयारीनं प्रमाण मराठी आणि हिंदी साफ करा. आपली बोली हे तुमचं भांडवल आहे, पण नको तिथं ती जिभेवर आली तर रोल जातो, दोन्हीकडं जाता-येता आलं पाहिजे.

जमलं तर वहीगायन, म्हणजे आपल्याकडची गाण्याची लोककला, आणि खान्देशी तमाशा समोर बसून बघा. उघड्यावर, माईक धड नसताना, मागं झाडाखाली बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचवणारी ही माणसं आहेत, आणि सोंगाड्याचं टायमिंग तर कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही. युट्यूबवर मालेगाव-धुळ्याकडच्या खान्देशी कॉमेडी बनतात त्यात काम मिळत असेल तर करा, कॅमेऱ्याची भीती जाते, बोलीची लाज जाते, हे मोठं काम आहे. फक्त तिथं सगळं वरच्या पट्टीत चालतं, ती सवय लागू देऊ नका.

मग स्टेज. विद्यापीठाचा युवारंग हा युवक महोत्सव आहे, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे जिची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर होते, कामगार कल्याण मंडळाची नाट्य स्पर्धा आहे. यात लीडसाठी भांडू नका, मुद्दाम छोटा रोल मागून घ्या, दोन एंट्रीचा. दोन एंट्रीत पूर्ण माणूस उभा करता येतो का, हीच पुढं आयुष्यभराची परीक्षा असणार आहे.

नोकरीचं विचाराल तर सोडू नका. प्रभावळकर जीवरसायनशास्त्र शिकलेले आणि औषध कंपनीत नोकरीला होते, अशोक सराफ स्टेट बँकेत होते, श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन. या लोकांनी पगार चालू ठेवून वर्षानुवर्षं संध्याकाळच्या तालमी केल्या. शाळेत शिकवत असाल, रेल्वेत असाल, डाळमिलमध्ये हिशोब लिहीत असाल, तर ते चालू ठेवा. घरात पैसे येत असले की नको तो रोल नाकारता येतो, आणि घरच्यांचा विरोधही बराच कमी होतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हे मी इथं जवळून बघितलंय.

ऑडिशनचा व्हिडिओ साधा ठेवा. साधी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर, मागं पंखा-टीव्ही बंद, म्युझिक नाही, फिल्टर नाही. नाव, वय, उंची, गाव, कुठल्या भाषा येतात ते सांगा, अहिराणी, लेवा, गुजराती जे येतं ते न लाजता सांगा, मग समोरून, डावीकडून, उजवीकडून चेहरा दाखवा, आणि मग दिलेला सीन. फोटो आजचे पाठवा, केस पांढरे असतील तर पांढरेच, कारण कॅरेक्टरच्या कामाला तोच चेहरा लागतो. कुणी रजिस्ट्रेशन फी, कार्डाचे पैसे, 'पोर्टफोलिओ आमच्याकडंच करा' असं म्हटलं की तिथंच थांबा. काम देणारा नटाला पैसे देतो, नटाकडून घेत नाही. कोऑर्डिनेटर, म्हणजे काम मिळवून देणारा मधला माणूस, असेल तर तो कमिशन घेतो, पण काम झाल्यावर, मिळालेल्या पैशातून.

सेटवर गेल्यावर दोन गोष्टी लागतात. एक पाठांतर, डेली सोपमध्ये सीनचे कागद बऱ्याचदा शूटिंगच्या दिवशीच हातात पडतात, म्हणून घरी रोज पेपरमधला एक परिच्छेद अर्ध्या तासात पाठ करून मोठ्यानं म्हणायची सवय लावा. दुसरी कंटिन्युटी. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा सीन लांबून घेतात त्यात, कुठल्या शब्दावर चहाचा कप उचलला, कुठल्या हातानं, ते क्लोज-अपमध्ये तसंच यायला पाहिजे, नाहीतर एडिटर तुमचा शॉट टाकून देतो आणि समोरच्याचा वापरतो. म्हणून पहिल्या टेकमध्ये हाताला उगाच कामं देऊ नका. आपला शॉट नसतानाही समोरच्याला क्यू देताना पूर्ण जीव लावून वाक्य बोला, युनिट हे लक्षात ठेवतं आणि पुढच्या कामाला नाव तिथूनच निघतं.

पैशाचं आधी बोलून घ्या, संकोच करू नका. दिवसाचा रेट किती, शिफ्ट किती तासांची, साधारण बारा तासांची असते, प्रवास आणि राहायचं कोण बघणार, एका महिन्यात किती दिवस पक्के. मेसेजवर का होईना पण लेखी घ्या. टीव्हीचे पैसे सहसा ९० दिवसांनी येतात, त्यामुळं पहिलं काम लागलं म्हणून लगेच मुंबईत खोली घ्यायची असेल तर तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण आधी बाजूला ठेवलेलं पाहिजे. प्रत्येक दिवसाची तारीख, मालिकेचं नाव, सीन नंबर आणि ठरलेली रक्कम लिहून ठेवा, आणि काम नियमित मिळायला लागलं की सिंटा या कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या, पैसे अडकले तर तक्रार तिथंच करता येते आणि तेव्हा तुमच्याकडच्या तारखा मागतात.